फ्रीझरवर उणे १८ होतं, तरी माल गेला: छोट्या धंद्याला डेटा ॲक्विझिशन किती लागतं?



मालाच्या साठवणुकीवरच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, आपोआप रीडिंग घेऊन कॉम्प्युटरवर टाकणारी सिस्टीम घेऊ का? विकणारा म्हणतो, आता सगळे हेच वापरतात." कोणाचा मसाल्याचा धंदा आहे, कोणाची बेकरी, कोणाचं दूध संकलन, तर कोणी घरी ड्रायर लावून कांदा-लसणाची पावडर करतंय. व्हिडिओत एवढं सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या सिस्टीमला इंग्रजीत डेटा ॲक्विझिशन म्हणतात. ती छोट्या धंद्यालाही लागते आणि आज परवडतेसुद्धा. पण ती कशी चालते हे समजून न घेता घेतलीत, तर पैसे जातील आणि चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवून नुकसान होईल ते वेगळंच. आकडा नसलेला माणूस निदान सावध असतो. चुकीचा आकडा हातात असलेला माणूस बिनधास्त असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या दुकानात झालेलं आहे.

वही बरोबर होती, तरी उत्तर चुकलं

माझं डेअरी आणि आईस्क्रीमचं दुकान आहे, तालुक्याच्या गावात. काचेच्या झाकणाचा मोठा फ्रीझर आहे. रोज रात्री दहाला दुकान बंद करताना आणि सकाळी साडेनऊला उघडताना डिस्प्लेवरचा आकडा वहीत लिहायचा, अशी शिस्त मी स्वतः लावली होती. बीबीए केलेला माणूस, रेकॉर्ड ठेवणारच!

एका मे महिन्यात एक ताई फॅमिली पॅक परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "दादा, खडे लागतात दाताखाली." दुसऱ्या दिवशी अजून तीन जण आले. मी डबे उघडून बघितले. वरती बर्फाचे कण, कोन वाकडे झालेले, कँडी काडीवरून घसरलेली. म्हणजे माल एकदा मऊ होऊन परत गोठला होता. असा माल विकता येत नाही. बावीस हजारांचा माल टाकून दिला.

मग वही काढली. रात्री उणे १९, सकाळी उणे १८. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. वही म्हणत होती, सगळं व्यवस्थित आहे.

मी काय निष्कर्ष काढला? मशीन ठीक, म्हणजे माणूस चुकला. रात्री दुकान बंद करायचा तो माझ्याकडचा एक पोरगा. झाकण नीट लावलं नसणार, असं मी धरूनच चाललो. गिऱ्हाइकांसमोर त्याला बोललो. तो म्हणाला, "दादा, मी झाकण लावूनच गेलो होतो." मी ऐकलं नाही. चार दिवसांनी तो यायचा बंद झाला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं. आणि यावेळी दुकान मी स्वतः बंद केलं होतं.

डेटा येतो कुठून?

बीबीएला आम्हाला डेटा ॲनालिसिस होतं. सरासरी काढा, चार्ट काढा, ट्रेंड बघा. पण तो डेटा तयार कसा होतो, हे कोणी शिकवलं नाही. आकडा आभाळातून पडल्यासारखा एक्सेलमध्ये यायचा. खरी गंमत त्याच्या आधीच असते. तापमान, वजन, दाब, पातळी, व्होल्टेज या सगळ्या बाहेरच्या जगातल्या गोष्टी. कॉम्प्युटरला कळतात फक्त आकडे. या दोघांमधला जो रस्ता, त्याचं नाव डेटा ॲक्विझिशन.

ही कल्पना नवीन नाही. आयबीएमने १९६४ मध्येच '१८०० डेटा ॲक्विझिशन अँड कंट्रोल सिस्टीम' नावाचा कॉम्प्युटर आणला होता. कारखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून रीडिंग गोळा करायला तो वापरायचे. तेव्हा हे मोठ्या कंपन्यांचंच काम होतं. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाचा स्वस्त बोर्ड तयार झाला, आणि मग असे बोर्ड गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळायला लागले. आज एक ईएसपी३२ बोर्ड आणि दोन-तीन तापमानाचे सेन्सर हजार-दीड हजारांच्या आत बसतात. म्हणजे किंमत हा आता मुद्दाच राहिलेला नाही. समज हा मुद्दा आहे.

रस्त्यावरची स्टेशनं पाच आहेत.

पहिलं स्टेशन सेन्सर. तो बाहेरच्या गोष्टीचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो. तापमान वाढलं की कुठे व्होल्टेज बदलतं, कुठे रेझिस्टन्स बदलतो. उदाहरणार्थ पीटी१०० नावाचा सेन्सर शून्य अंशाला बरोबर १०० ओहम असतो आणि १०० अंशाला साधारण १३८.५ ओहम.

दुसरं स्टेशन सिग्नल कंडिशनिंग. मराठीत सांगायचं तर सिग्नलची निवडटिपण. तांदूळ शिजवायच्या आधी खडे काढतो ना, तसंच. सिग्नल फार बारीक असेल तर मोठा करायचा, त्यातला विजेचा गोंगाट गाळायचा.

तिसरं स्टेशन एडीसी, म्हणजे ॲनालॉगचं डिजिटल करणारा भाग. सलग बदलणाऱ्या व्होल्टेजला तो आकडा देतो.

चौथं स्टेशन कॉम्प्युटर किंवा छोटा बोर्ड. किती वेळाने रीडिंग घ्यायचं आणि कुठे साठवायचं हे तो ठरवतो. दोघांमध्ये तार असेल, यूएसबी असेल किंवा वाय-फाय.

पाचवं स्टेशन सॉफ्टवेअर. आलेख, अलार्म, रिपोर्ट. विकणारा तुम्हाला फक्त हे पाचवं स्टेशन दाखवतो, कारण ते रंगीत असतं. गडबड मात्र बहुतेक वेळा पहिल्या तीन स्टेशनांवर झालेली असते.

चहाच्या कपाने पाणी मोजाल, पण औषध?

एडीसी समजायला एकच गोष्ट लक्षात ठेवा: पायऱ्या. जिन्यावर तुम्ही पायरीवर उभे राहू शकता, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही. एडीसीचंही तसंच. १० बिटचा एडीसी म्हणजे १०२४ पायऱ्या, १२ बिट म्हणजे ४०९६, १६ बिट म्हणजे ६५,५३६.

आर्डुइनो युनोवर १० बिटचा एडीसी असतो आणि तो शून्य ते ५ व्होल्ट मोजतो. म्हणजे एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. एलएम३५ हा सेन्सर एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे पायरी पडली साधारण अर्ध्या अंशाची. खोलीचं तापमान बघायला हे भरपूर झालं.

आता बेकरीवाल्यांनी लक्ष द्या. ओव्हनला आपण के टाईप थर्मोकपल लावतो. तो एका अंशाला फक्त ४१ मायक्रोव्होल्टच्या आसपास देतो. मायक्रो! तो सरळ युनोच्या पिनला जोडलात तर एक पायरी जवळजवळ १२० अंशांची होईल. ओव्हन १८० ला आहे की २५० ला, हे कळणारच नाही. चहाच्या कपाने बाळाचं औषध मोजण्यासारखं झालं. म्हणून मध्ये सिग्नल मोठा करणारी चिप लागते. मॅक्स६६७५ ही त्यातली एक स्वस्त आणि सहज मिळणारी चिप. ती पाव अंशाच्या पायरीने रीडिंग देते. शिवाय थर्मोकपल दोन टोकांमधल्या तापमानाचा फरक मोजतो, त्यामुळे दुसऱ्या टोकाच्या तापमानाचा हिशोब करावा लागतो. तोही ती चिपच करते. हे दुसरं स्टेशन वगळून कोणी तुम्हाला "स्वस्तात करून देतो" म्हणत असेल, तर नमस्कार करून बाहेर पडा.

बारीक आकडा म्हणजे खरा आकडा नव्हे

हा मुद्दा मी प्रत्येक बॅचला सांगतो, तरी लोक फसतात. स्क्रीनवर उणे १८.०६ दिसलं की वाटतं, काय अचूक सिस्टीम आहे! पण दशांशानंतरचे आकडे म्हणजे पायरीचा बारीकपणा. खरेपणा वेगळा.

डीएस१८बी२० हा आपल्याकडे सहज मिळणारा डिजिटल सेन्सर. त्याच्यातच एडीसी बसवलेला असतो, त्यामुळे नवशिक्याला सोपा. तो १२ बिटला ०.०६२५ अंशाची पायरी देतो. पण खरेपणाची हमी? उणे १० ते ८५ अंशांच्या मध्ये अर्धा अंश इकडे-तिकडे. उणे १० च्या खाली तेवढीही हमी नाही, चूक त्याहून जास्त असू शकते. म्हणजे फ्रीझरमध्ये लावल्यावर दशांशानंतरचे ते दोन आकडे शोभेचे झाले.

मग करायचं काय? तपासायचं. मिक्सरमधून बर्फ बारीक करा, थर्मासमध्ये भरा, थोडं पाणी घाला, पाच-दहा मिनिटं ढवळून ठेवा आणि सेन्सर मधोमध धरा. वितळत्या बर्फाचं तापमान शून्य अंश. सेन्सर ०.८ दाखवत असेल तर त्या सेन्सरवर लिहून ठेवा: ०.८ वजा करा. वजनकाटा आपण तपासून घेतो, मग सेन्सर का नाही? उकळत्या पाण्यानेही तपासता येतं, पण तिथे १०० धरू नका. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. पुण्यात साधारण ९८ ला, महाबळेश्वरला ९५-९६ ला. मोठ्या गिऱ्हाइकाला किंवा एक्स्पोर्टला माल द्यायचा असेल, तर घरगुती तपासणीवर थांबू नका. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडून कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट घ्या.

माझी वही का फसली

आता परत फ्रीझरकडे येऊ. वही खोटी नव्हती. रात्री दहाला खरंच उणे १९ होतं आणि सकाळी साडेनऊला खरंच उणे १८. पण मधले साडेअकरा तास वहीत नव्हतेच.

याला म्हणतात सॅम्पलिंग रेट, म्हणजे किती वेळाने रीडिंग घेताय. नियम सोपा आहे. जी गोष्ट जितक्या वेगाने बदलते, त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने तरी रीडिंग घ्यावं लागतं. प्रत्यक्षात त्याहूनही बरंच जास्त घेतात. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते. तिची लाट बघायची तर सेकंदाला १०० हून जास्त रीडिंग हवीत. बरोबर ५० घेतलीत, तर प्रत्येक वेळी लाटेचा तोच बिंदू सापडेल आणि आलेखावर सरळ रेघ दिसेल. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार. डोळ्यांना दिसतंय, पण खरं नाही.

फ्रीझरला एवढी घाई नसते. मिनिटाला एक रीडिंग खूप झालं. दिवसाला १४४० आकडे, वर्षाला सव्वापाच लाख. मोबाईलमधल्या दोन-चार फोटोंएवढीच जागा लागते. मात्र मोटरची थरथर मोजायची असेल तर सेकंदाला हजारो रीडिंग लागतात, आणि तिथे हजार रुपयांचा बोर्ड पुरत नाही. म्हणून "सगळ्यात फास्ट सिस्टीम द्या" असं म्हणू नका. "माझी गोष्ट किती वेगाने बदलते?" हे आधी विचारा.

मी दोन सेन्सर लावले. एक डिस्प्लेचा सेन्सर असतो तिथे, हवेत. दुसरा वरच्या थरातल्या दोन पॅकच्या मध्ये, कारण काचेच्या झाकणाच्या फ्रीझरला उष्णता वरूनच लागते. तिसऱ्या आठवड्यात आलेखावर डोंगर दिसला. रात्री पावणेएकपासून तापमान चढायला लागलं, पहाटे पाच चाळीसला उणे ८ पर्यंत गेलं आणि मग उतरायला लागलं. दुकान उघडेपर्यंत हवा परत उणे १८. पॅकच्या मधला सेन्सर मात्र अजून उणे १३ वरच. डिस्प्ले हवेचा आकडा दाखवत होता. मी विकत होतो आईस्क्रीम, हवा नाही!

मला वाटलं, लाईट गेली असणार. पण शेजारच्या मेडिकलचा सीसीटीव्ही रात्रभर चालू होता. लाईट गेलीच नव्हती. मग इलेक्ट्रिशियनकडून मॉडबस पोर्ट असलेला एनर्जी मीटर बसवून घेतला आणि व्होल्टेजचंही रेकॉर्ड सुरू केलं. (२३० व्होल्टच्या तारांना स्वतः हात लावू नका. हे काम त्याच्याकडूनच करून घ्या.) चार रात्रींत उलगडा झाला. मध्यरात्री गावातला विजेचा वापर कमी झाला की आमच्या लाईनवरचं व्होल्टेज २६० च्या वर जायचं. स्टॅबिलायझर त्याच्या कामाप्रमाणे फ्रीझर बंद करायचा. पहाटे वापर वाढला की व्होल्टेज उतरायचं आणि तो परत चालू करायचा. रोज नाही, अधूनमधून. दुकानात रात्री कोणी नसतं, कळणार कोणाला?

जास्त रेंजचा स्टॅबिलायझर लावला. अलार्म लावला: पॅकचं तापमान उणे १४ च्या वर गेलं की मोबाईलवर मेसेज. त्यानंतर एकदाही माल टाकावा लागलेला नाही.

आणि तो पोरगा? त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तोपर्यंत तो मोबाईलच्या दुकानात लागला होता. एवढंच म्हणाला, "दादा, तेव्हा नीट विचारलं असतं तरी चाललं असतं." तो परत आला नाही. बावीस हजार दोन महिन्यांत भरून निघाले, हे नाही निघालं.

मग वही वाईट का?

मला माहितीये, काही जण म्हणतील, "सर, आमचे वडील तीस वर्षं हात लावून दूध ओळखतात. त्यांना कुठे सेन्सर लागला?" मुद्दा खोटा नाही. अनुभवी हात हाही सेन्सरच आहे. पण तो हात रात्री एक वाजता झोपलेला असतो. आणि तो हात तुम्ही दुसऱ्या शाखेत पाठवू शकत नाही.

वहीसुद्धा टाकून देऊ नका. माझ्या मते प्रत्येकाने सुरुवात वहीनेच करावी. पंधरा दिवस हाताने रीडिंग लिहा. त्यातून दोन गोष्टी कळतील: नेमका कोणता आकडा तुमच्या कामाचा, आणि तो बघून तुम्ही काय वेगळं करता. पंधरा दिवसांत एकदाही तो आकडा बघून काही बदललं नसेल, तर त्या आकड्याला मशीन लावू नका. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका दादांनी ड्रायरला आठ चॅनेलची सिस्टीम बसवली. तापमान, दमट हवा, पंख्याचा वेग, सगळं. छान आलेख. विचारलं, "यातलं रोज काय बघता?" म्हणाले, "बघायला वेळ कुठे मिळतो?" त्यांना लागत होते दोन आकडे: आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि बाहेर येणाऱ्या हवेची आर्द्रता. बाहेरची हवा कोरडी यायला लागली की माल होत आला. बाकी सहा चॅनेल म्हणजे भाड्याने घेतलेल्या रिकाम्या खोल्या.

दुसरी बाजूही सांगतो. काही मालक ही सिस्टीम कामगारांवर नजर ठेवायला लावतात. झाकण किती वेळा उघडलं, कोणी उघडलं. लावा, तुमचं दुकान आहे. पण माझा अनुभव उलटा आहे. आकडा माणसाला पकडण्यासाठी वापरलात, तर माणूस आकड्याला फसवायला शिकतो. सेन्सर बर्फात खुपसून ठेवेल, काम झालं. मी आता आलेख दुकानातल्या सगळ्यांना दाखवतो. अलार्मचा मेसेज त्यांच्याही मोबाईलवर जातो. चूक कोणाची हे शोधण्याआधी चूक कुठली हे शोधायचं, एवढं मी त्या बावीस हजारांतून शिकलो.

विकणाऱ्याला हे सात प्रश्न विचारा

१. लाईट गेली तर रेकॉर्डिंग चालू राहतं का? सिस्टीम त्याच लाईनवर असेल तर ज्या क्षणी गरज, त्याच क्षणी ती आंधळी. बॅटरी किंवा पॉवर बँकचा जुगाड हवाच.

२. इंटरनेट गेलं तर रीडिंग कुठे जातात? बोर्डवर मेमरी कार्ड आणि स्वतःचं घड्याळ असावं. वेळ चुकली की आकड्याचा उपयोग संपला.

३. सेन्सरची तार तुटली तर काय दिसतं? हा प्रश्न विचारला की विकणाऱ्याची समज कळते. डीएस१८बी२० सोबत सगळीकडे वापरतात त्या आर्डुइनो लायब्ररीत तार निघाली की उणे १२७ येतं, आणि सेन्सर नुकताच चालू होऊन मोजणी पूर्ण झाली नसेल तर ८५. फ्रीझर ८५ ला गेला म्हणून घाबरू नका, पण असे आकडे सरासरीत धरले तर रिपोर्टची वाट लागते. कारखान्यात ४ ते २० मिलीॲम्पिअरचा सिग्नल वापरतात, त्यातली हुशारी हीच. टाकी रिकामी असेल तर ४, भरली तर २०, अर्धी असेल तर १२. आणि शून्य आलं तर टाकी रिकामी नाही, तार तुटली.

४. खरेपणा किती, आणि माझ्या रेंजमध्ये किती? फक्त "१६ बिट आहे" हे उत्तर चालणार नाही.

५. तारा कुठून नेणार? सेन्सरची बारीक तार कॉम्प्रेसरच्या वायरला चिकटून नेली की आकडे नाचतात. वेगळा मार्ग, पीळ दिलेली किंवा जाळीची तार. लांब अंतर असेल तर आरएस-४८५, ते १२०० मीटरपर्यंत जाऊ शकतं.

६. माझा डेटा मला सीएसव्ही फाईलमध्ये काढता येतो का? महिन्याचे पैसे भरणं थांबवलं तर जुना डेटा राहतो का? फ्रीझर तुमचा, लाईट बिल तुमचं, मग आकडेही तुमचेच हवेत.

७. सेन्सर खराब झाला तर बाजारात मिळतो का, की फक्त तुमच्याकडेच?

सातपैकी पाच प्रश्नांना नीट उत्तर मिळालं नाही, तर किंमत विचारायचीच नाही.

या आठवड्याचं काम

सिस्टीम शोधायला बसू नका. एक कागद घ्या. तुमच्या धंद्यात मागच्या वर्षभरात माल खराब झाला, परत आला किंवा टाकावा लागला, असे तीन प्रसंग लिहा. प्रत्येकापुढे लिहा: कोणता आकडा आधी कळला असता तर हे टळलं असतं? आणि तो आकडा किती वेळाने बघावा लागला असता, तासाला, मिनिटाला की सेकंदाला? ज्या प्रसंगापुढे आकडा लिहिता आला नाही तिथे मशीन उपयोगाचं नाही, तिथे माणसांशी बोलायला लागेल.

जो आकडा दोन प्रसंगांत आला, त्याच्यापासून सुरुवात करा. एक सेन्सर, एक अलार्म, पंधरा दिवस वहीशी ताडून बघा. वही आणि मशीन यांचं पटलं की दुसरा सेन्सर. पटलं नाही तर आधी बर्फाचा थर्मास काढा.

पुढच्या व्हिडिओत ईएसपी३२ आणि डीएस१८बी२० टेबलावर जोडून दाखवतो, बर्फाच्या तपासणीसकट. घरात मिक्सर आणि थर्मास आहेच, तेवढा बर्फ जमवून ठेवा.